फोर बाय फोरचा दिवा लागला, पण पुढची चाकं खरंच ओढतायत का? जुन्या गाडीतले ऑटो हब आणि त्यांना मॅन्युअल पर्याय

हातखंब्याच्या तिठ्यापासून थोड्याच अंतरावर फोर बाय फोर गाडीची परीक्षा घेणारं सगळं काही आहे. पश्चिमेला रत्नागिरी आणि किनाऱ्यावरची खारी वाळू. दक्षिणेला पाली, आणि तिथून नाणीज, साखरपा करत आंबा घाट. हायवे सोडून एखाद्या वाडीकडे वळलात, तर जांभ्याची लाल माती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जूननंतर ही माती साबणासारखी होते.

अशा रस्त्यावर जुनी फोर बाय फोर अडकते. लिव्हर टाकलेला असतो, डॅशबोर्डवरचा दिवाही लागलेला असतो, तरी मागची चाकं फिरत राहतात आणि पुढची ढिम्म. मग संशय इंजिनवर, क्लचवर, टायरवर जातो. दोष मात्र अनेकदा पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या एका छोट्या डबीत असतो. तिला म्हणतात लॉकिंग हब.

जुन्या फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद एरवी फक्त मागच्या चाकांना जाते. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस ती पुढच्या ॲक्सललाही देते. पण ॲक्सलचा शाफ्ट आणि चाक यांना जोडायचं की सुटं ठेवायचं, हे हब ठरवतो. सुटा असेल तर चाक नुसतं बेअरिंगवर फिरतं आणि आतला शाफ्ट, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट शांत बसतात. झीज कमी, आवाज कमी, डिझेलचीही थोडी बचत. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये कंपनी काढली ती याच वस्तूसाठी. महायुद्धातून उरलेल्या विलीज जीप रोजच्या रस्त्यावर बऱ्या चालाव्यात म्हणून.

मॅन्युअल हबला खाली उतरून हाताने खटका फिरवावा लागतो. पावसात हे कोणाला आवडणार? म्हणून ऑटो हब आले. लिव्हर टाकला की शाफ्ट फिरू लागतो, हबमधला कॅम चढतो आणि दात्यांची रिंग सरकवून चाकाला पकडतो. सोडवायचं असेल तर टू-व्हीलमध्ये घेऊन गाडी थोडी मागे न्यायची. काही गाड्यांत कॅमऐवजी हेच काम व्हॅक्युमच्या नळ्या करतात.

कल्पना छान आहे, फक्त ती स्वच्छ हबवर अवलंबून आहे. कॅम चढायला आत ठरावीक घर्षण लागतं. पाणी शिरलं, ग्रीस घट्ट झालं, खारं पाणी लागून गंज चढला की कॅम उशिरा चढतो, धाडकन चढतो किंवा चढतच नाही. चिखलात रुतलेली गाडी आपण पुढे-मागे झुलवतो तेव्हा दर वेळी दिशा बदलते, हब सुटतो आणि पुन्हा पकडतो. प्रत्येक पकडीला झटका. घाट उतरताना पाय उचलला की ताकदीची दिशा उलटते, आणि काही जुन्या रचनांत तेवढ्यात पकड सुटते. निसरड्या उतारावर पुढच्या चाकांना इंजिन ब्रेकिंग हवं असतं, नेमकं तेव्हाच!

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे एकच हब बिघडणं. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने जाऊ देतं. डावा हब पकडलेला आणि उजवा सुटा असेल, तर उजवा शाफ्ट हवेत फिरावा तसा फिरत बसतो आणि डाव्या चाकालाही काही मिळत नाही. म्हणजे एक हब गेला की पुढची दोन्ही चाकं गेली. दिवा मात्र चालूच, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत तो ट्रान्सफर केसची स्थिती दाखवतो, हबची नाही.

आता बदलाकडे येऊ. आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा. चाकाच्या मध्यभागी 'फ्री' आणि 'लॉक' लिहिलेला खटका असेल तर हब आधीच मॅन्युअल आहे. नुसतं गुळगुळीत टोपण असेल तर ऑटो, किंवा शाफ्ट कायम जोडलेला ठेवणारा फिक्स फ्लँज. नवा हब घेताना शाफ्टवरचे दाते आणि हबचे बोल्ट मोजूनच घ्या. 'सगळ्यांना बसतो' असं सांणारा हब घेऊ नका.

काम दिसायला सोपं आहे. गाडी स्टँडवर घ्या, चाक काढा, टोपण उघडा, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप काढा, जुना हब बाहेर ओढा. घोळ होतो तो यापुढे. अनेक गाड्यांत ऑटो हबचा काही भाग स्पिंडलवरच्या नटात अडकलेला असतो आणि तो नटच व्हील बेअरिंग धरून ठेवतो. त्यामुळे मॅन्युअल हबबरोबर वेगळे नट आणि लॉक वॉशर लागतात. ते न घेता जुगाड केला तर हब फिरेल, पण बेअरिंग सैल होईल किंवा जास्त आवळलं जाऊन तापेल. नट किती आवळायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, मेस्त्रीच्या मनगटावर सोडू नका. हब उघडलाच आहे तर बेअरिंग धुऊन नवीन ग्रीसही भरून घ्या.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरपूर, पण नव्या हबच्या आत फक्त पातळ थर. हब ठासून भरला तर रिंग सरकत नाही आणि खटका अर्ध्यावर अडतो. व्हॅक्युमवाली गाडी असेल तर सुटलेल्या नळ्यांची तोंडं बंद करा, नाहीतर पाणी आत जायला वाट मिळते.

तपासायला पुढची दोन्ही चाकं उचला. 'फ्री'वर चाक फिरवलं तर शाफ्ट थांबलेला हवा, 'लॉक'वर चाकाबरोबर फिरायला हवा. दोन्ही बाजू बघा.

मॅन्युअलचा तोटा एकच, आणि तो माणसाचा आहे: विसरणं. हब 'फ्री'वर ठेवून लिव्हर टाकला तर दिवा लागेल आणि गाडी टू-व्हीलच राहील. कोकणात यावर सोपा उपाय आहे. मृगाच्या आधी दोन्ही हब 'लॉक' करा आणि पाऊस सरेपर्यंत तसेच ठेवा. लिव्हर टू-व्हीलमध्ये असेल तर लॉक हबने डांबरी रस्त्यावर काही बिघडत नाही. कोरड्या डांबरावर टाळायचं ते लिव्हर फोर-व्हीलमध्ये ठेवणं. उन्हाळ्यात 'फ्री' ठेवलेत तर महिन्यातून एकदा काही किलोमीटर 'लॉक'वर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचं ऑईल फिरतं. ज्यांना एवढंही लक्षात राहणार नाही, त्यांनी सरळ फिक्स फ्लँज लावावा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, त्यामुळे आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. काढलेले ऑटो हब फेकू नका, गाडी विकताना कोणीतरी मागतोच. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर हबचे बोल्ट पुन्हा तपासा आणि चाक उचलून वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंगचा नट परत बघायला हवा.