पाणी पोटातून आलं की घशातून?

भांडं चाटूनपुसून रिकामं होतं आणि थोड्याच वेळात तेच पाणी फरशीवर पसरतं. आमच्या कुत्र्याचं, मोतीचं, असं झालं तेव्हा पशुवैद्यांनी औषधाआधी एकच विचारलं, "ओकताना पोट आत ओढलं जातं का?"

सगळं निदान या प्रश्नापासून सुरू होतं. खऱ्या उलटीआधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो. मग उबळ येते आणि पोटाचे स्नायू जोरात आवळतात. दुसऱ्या प्रकारात यातलं काहीच घडत नाही. मान खाली जाते आणि पाणी नुसतं बाहेर पडतं. ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच परत येतं. अशा कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे लागतो. मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ डॉक्टरांना इथे फार उपयोगी पडतो.

मोतीचं पोट आवळत होतं. जठराला सूज होती. अशा वेळी तहान लागते, कुत्रा घटाघट पितो, ताणलेलं जठर सगळं बाहेर फेकतं आणि तहान आणखी वाढते. हे चक्र तोडायचं तर भांडं उचलून ठेवावं लागतं. उलटी थांबून तासभर गेला की दर अर्ध्या तासाने दोन-तीन चमचे पाणी किंवा चाटायला बर्फाचा खडा. तो आशेने बघत राहतो, तरी हात आवरायचा. मधूनमधून हिरडी बोटाने दाबायची: पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच खाली बसायला हवी. हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या तर सलाइनची वेळ आली समजावं.

काही वेळा घरी थांबायचंच नाही. पोट फुगलंय, उबळा येतात पण बाहेर काही पडत नाही, अशा वेळी जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे मिनिटं मोलाची. लस न झालेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्हो विषाणूचा संशय घ्यावा. म्हाताऱ्या कुत्र्याची तहानच वाढली असेल तर मूत्रपिंडाची आणि साखरेची तपासणी हवी. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी औषधं मात्र कधीच देऊ नयेत.

पाणी काही तास टिकलं की मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, तेल-मीठ-कांदा-लसूण न घालता, घासभर. आधी पाणी टिकू द्यावं, मगच अन्न. मायेपोटी हा क्रम उलटा करू नये.