केसपेपरातली एक ओळ

समजा, एक चाकरमानी गणपतीला मालवणजवळच्या तारकर्लीच्या घरी आला. आरत्या झाल्या, भजनं झाली, माडाच्या बागेत साचलेल्या पाण्यातून अनवाणी फेऱ्याही झाल्या. मग कुडाळहून गाडी पकडून तो मुंबईला परतला. आठवड्याभरात त्याला सणकून ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. रुग्णालयात केसपेपर निघतो, रक्त तपासलं जातं आणि निदान येतं: लेप्टो.

आता सांगा, हे मालवणला कसं कळणार?

लेप्टोचा जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात उतरतो, पायाच्या एखाद्या भेगेतून माणसात शिरतो आणि बहुधा पाच ते चौदा दिवस गप्प बसतो. तेवढ्यात माणूस कुठल्या कुठे पोचलेला असतो! जंतू मिळाला इथे, ताप चढला सुमारे ५०० किलोमीटरवर. इथल्या पाण्यात अजून जंतू आहे आणि शेजारची मुलं त्यात खेळताहेत, हे सांगणारा एकमेव कागद मुंबईतल्या फायलीत पडून आहे.

अशी विखुरलेली दुखणी एकत्र दिसावीत म्हणून २००४ साली देशभर एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना पाहिली की मी थक्क होतो. एकाच दुखण्याकडे तीन जण तीन अंतरांवरून पाहतात. गावात फिरणारे आरोग्य कर्मचारी ‘एस’ फॉर्म भरतात, त्यात फक्त लक्षणं: ताप, पुरळ, जुलाब, कावीळ. डॉक्टर ‘पी’ फॉर्मात आपला संशय लिहितात. प्रयोगशाळा ‘एल’ फॉर्मात सिद्ध झालेलं तेवढंच नोंदवते. म्हणजे रोगाचं नाव ठाऊक होण्याआधीच त्याची चाहूल कागदावर आलेली असते! आणि एकही रुग्ण नसेल तर? तर शून्य लिहून पाठवायचं. कोऱ्या कागदाचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा कोणी लावू नये, म्हणून हा शून्य.

ही आपली रापणच, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. दोरीला हात लावणाऱ्या एकट्या माणसाला जाळ्यात काय आहे ते दिसत नाही. पण सगळ्यांनी मिळून ओढलं की मासळी किनाऱ्याला लागते आणि एका बाजूची माणसं दोरी सोडून गेली, तर त्याच बाजूने निसटते. एका वाडीतले तीन ताप म्हणजे काहीच नाही. पण शेजारच्या चार वाड्यांतलेही तीन-तीन त्याच आठवड्यात पुढे आले, तर ती साथ असू शकते.

हा हिशेब पूर्वी आठवड्याला एकदा जुळायचा. ५ एप्रिल २०२१ रोजी त्याची नवी संगणकीय व्यवस्था देशभर सुरू झाली. आधीच्या १८ रोगांऐवजी ३३ रोग त्यात आले, आणि रुग्णाची नोंद त्याच्या गावाच्या पत्त्यासह नकाशावर जवळजवळ लगेच उमटू लागली.

मग आपला चाकरमानी सापडला? नाही! कारण त्याने पत्ता दिला मुंबईचा. ‘गणपतीला गावी गेलो होतो’ हे वाक्य फॉर्ममध्ये येतच नाही. ते डॉक्टरने विचारलंच असेल, तर केसपेपरावर घाईघाईत लिहिलेल्या एका ओळीत असतं. साथ शोधणाऱ्याला नेमकी तीच ओळ हवी असते.

अशा ओळींची ताकद किती? २०१२च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका डॉक्टरने आरोग्य विभागाला कळवलं, की आपल्या रुग्णाच्या मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झालाय. रुग्णांची मागची माहिती चाळताना समान धागा सापडला: पाठीच्या मणक्याजवळ घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. औषध दूषित होतं आणि ते बनलं होतं दूर मॅसॅच्युसेट्समध्ये. अखेर २० राज्यांत ७५३ रुग्ण आणि ६४ मृत्यू मोजले गेले. ज्यांनी ते इंजेक्शन घेतलं होतं, त्यांना गाठून सावध करता आलं, म्हणून आकडा तिथे थांबला. तिकडे अनेक आरोग्य विभागांचे तपासनीस आज आपल्या टेबलावरूनच रुग्णालयातली नोंद उघडून वाचू शकतात.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला ही सोय किती हवी आहे! माकडताप घ्या. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गोचिडीतून पसरणारा तो विषाणू ओळखला. २०१६ साली तो आपल्या दोडामार्गात प्रकटला. दोडामार्ग-बांद्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला सर्रास गोव्यात बांबोळीचं रुग्णालय गाठतात. रुग्ण काजूच्या बागेत गेला होता का, तिथे मेलेलं माकड दिसलं का, याची उत्तरं राज्याच्या सीमेपलीकडच्या केसपेपरात आणि उपाय करायचा सिंधुदुर्गात!

मग सगळे केसपेपर एकाच गोदामात भरायचे? मला त्याची धास्तीच वाटते. आपल्याकडे २०२१च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने वेगळी वाट धरली आणि ती मला फार आवडते. कागद ज्या रुग्णालयात निर्माण झाला तिथेच राहतो. १४ आकडी आभा क्रमांकाने फक्त त्याचा पत्ता लागतो. कोणाला तो पाहायचा असेल, तर रुग्णाच्या मोबाइलवर विचारणा येते: कशासाठी, कुठल्या काळातली कागदपत्रं, किती दिवस? दिलेली परवानगी मागेही घेता येते. आणि परवानगीच्या कारणांच्या ठरलेल्या यादीत ‘सार्वजनिक आरोग्य’ हेही एक कारण आहे!

मात्र ऐन साथीत, तापाने ग्लानीत असलेल्या माणसाच्या ‘हो’ची वाट किती पाहायची? माझं मत असं, की कायद्यानेच अशा वेळी मोजके रकाने उघडून द्यावेत आणि ते कोणी, कधी पाहिले याची नोंद रुग्णाला दिसावी. ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात बसलेल्या साथरोग अधिकाऱ्याला त्या चाकरमान्याची जुनी दुखणी वाचायचीच नाहीत. गेल्या तीन-चार आठवड्यांत तो कुठल्या वाडीत होता, कुठल्या तारखांना, आणि पाण्यात उतरला होता की रानात गेला होता, एवढं कळलं तरी दुसऱ्या दिवशी आरोग्य सेविका त्या वाडीत घरोघरी ताप विचारत फिरू शकते.