समुद्री बर्फ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ म्हटला की स्वच्छ, गोड्या पाण्याचा, निर्जीव थर डोळ्यांपुढे येतो. यातलं एकही विशेषण खरं नाही. गोड्या पाण्याचे असतात ते हिमनग, कारण ते जमिनीवरच्या हिमनद्यांपासून तुटतात. समुद्री बर्फ मात्र उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठलेलं समुद्राचंच पाणी. गोठताना स्फटिकांत मीठ मावत नाही. बरंचसं खाली निघून जातं, उरलेलं अतिखारट पाणी वारुळातल्या वाटांसारख्या बारीक पोकळ्यांत अडकतं. तिथेच सूक्ष्म शैवाल वाढतं, मुख्यतः डायटम. बर्फाचा गाभा कापून काढला तर वसंतात खालचे काही सेंटिमीटर तपकिरी दिसतात. जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत (१८३९–४३) जोसेफ हूकर यांनी डायटममुळे रंगलेला असा बर्फ पाहिला होता.

हे शैवाल तिथे जेमतेम तग धरून असतं, असंही नाही. हिमाच्या थराखाली अनेकदा एक टक्क्याहून कमी उजेड पोहोचतो, तरी ते त्यात वाढतं. काही डायटम बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिनं सोडतात, तर काही भोवती चिकट द्रव्याचं आवरण तयार करतात.

मग बर्फात कोंडलेली पोषकद्रव्यं संपल्यावर काय? मुळात बर्फ बंदिस्त नसतोच. त्याचं तापमान साधारण उणे ५ अंशांच्या वर गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि खालच्या समुद्रातून नायट्रेट, सिलिकेट येत राहतं. आतले जीवाणू मृत शैवाल कुजवून अमोनियम आणि फॉस्फेट पुन्हा मोकळं करतात. सिलिका मात्र सावकाश विरघळते, म्हणून डायटमना तिची चणचण भासू शकते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लोहाची गोष्ट. दक्षिण महासागरात नायट्रेट मुबलक, पण लोह अत्यल्प असतं. अंटार्क्टिक समुद्री बर्फात मात्र ते खालच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी साठतं. वसंतात बर्फ वितळला की ते पाण्यात उतरतं आणि वनस्पतीप्लवक फोफावतात.

‘बर्फ कमी म्हणजे ऊन जास्त, म्हणजे जीवसृष्टीही जास्त’ हा समज अर्धवट खरा, आणि म्हणूनच घातक. आर्क्टिकच्या खुल्या पाण्यात उत्पादन वाढलंही आहे. पण तिथे प्रश्न वेळेचा असतो. ‘कॅलॅनस ग्लेशियालिस’ हा इवला कवचधारी जीव बर्फातलं शैवाल खाऊन अंडी घालतो आणि त्याची पिल्लं नंतर बहरणाऱ्या प्लवकांवर पोसली जातात. बर्फ लवकर गेला की दोन्ही बहर जवळ येतात आणि पिल्लांची वेळ चुकते. २०१२ साली ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरच्या संशोधकांना मध्य आर्क्टिकमध्ये चार हजार मीटरांखाली ‘मेलोसिरा आर्क्टिका’ या शैवालाचे पुंजके पडलेले आढळले. बर्फ वितळल्यावर ते थेट तळाशी गेले होते. तिथे समुद्रकाकड्या ते खात होत्या, पण वरच्या पाण्यातल्या जिवांच्या वाट्याला ते आलं नाही.

अंटार्क्टिकात कोळंबीसारख्या दिसणाऱ्या क्रिलची पिल्लं हिवाळाभर बर्फाच्या खालच्या बाजूचं शैवाल खरवडून जगतात, आणि पेंग्विन, सील, देवमासे क्रिलवर. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या बर्फाचा कमाल विस्तार १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरांच्या आत राहिला. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींत हिवाळ्यातला बर्फ इतका कमी कधीच नव्हता.