व्हीपीएन बसत नाही? लगेच फॉरमॅट मारू नका

नंदुरबार, शहादा, तळोदा इथली कितीतरी मुलं-मुली पुण्या-नाशकात नाहीतर सुरतेत नोकरीला आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती घरी परतली आणि काही जणांचं घरून काम करणं तेव्हापासून कायमचंच झालं. कंपनीनं लॅपटॉप दिला असेल तर प्रश्न नाही. पण लहान ऑफिसं घरच्याच कॉम्प्युटरवर ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन टाकून घ्यायला सांगतात आणि तिथून भानगड सुरू होते. आयटीवाला पुण्यात, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर. त्यानं दुरून स्क्रीन घेऊन बघावं, तर इकडे नेटच बंद पडलेलं. मग जवळचं दुकान गाठायचं आणि ऐकायचं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’

बहुतेक वेळा त्याची गरज नसते. घरातले फोटो, मुलांच्या दाखल्यांचे स्कॅन, सातबाऱ्याच्या प्रती असं सगळं एका डी ड्राइव्हच्या भरवशावर असताना तर हा उपाय अगदी शेवटचा ठेवायला हवा.

व्हीपीएन हे गाणी ऐकायच्या सॉफ्टवेअरसारखं वरच्यावर बसत नाही. ते विंडोजमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड तयार करतं. पाठीमागे सतत चालणारी एक सर्व्हिस सोडतं. कुठला डेटा कोणत्या वाटेनं जायचा, हे ठरवणाऱ्या रूटिंग टेबलात स्वतःच्या ओळी घालतं आणि साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएससुद्धा बदलतं. काहींमध्ये ‘किल स्विच’ असतो. व्हीपीएनचं कनेक्शन तुटलं की बाकीचं सगळं नेट अडवायचं, हे त्याचं काम. आता दोन व्हीपीएन एकाच कॉम्प्युटरवर आले की दोघांनाही तीच वाट, तेच डीएनएस स्वतःकडे हवं असतं. भांडण इथं असतं आणि ते डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून दिसत नाही.

हात लावण्याआधी दोन कामं करा. ऑफिसनं दिलेली इन्स्टॉलरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण मधेच नेट जाऊ शकतं. आणि जी एरर येते तिचा नंबरासकट मोबाइलवर फोटो काढा.

मग सगळ्यात सोपी चाचणी. घरचं वायफाय बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरात नेटवर्क सापडणं अवघड आहे, हे मान्य. पण एक कांडी मिळाली तरी कनेक्ट होतंय का, एवढं कळतं. हॉटस्पॉटवर व्हीपीएन लागलं आणि घरच्या फायबरवर लागत नसेल, तर कॉम्प्युटरवर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही. राउटरकडे बघा.

राउटरचा एक दोष फार जणांना माहीत नसतो. घरातल्या यंत्रांसाठीचे खासगी पत्ते जगभर ठरलेले आहेत आणि बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतात. त्यातही १९२.१६८.१ ही मालिका सर्रास सापडते. ऑफिसमध्येही तीच मालिका असली, तर व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं, पण ऑफिसचा सर्व्हर काही उघडत नाही. कारण १९२.१६८.१.५० हा पत्ता कॉम्प्युटर ऑफिसात शोधतच नाही, तुमच्या घरातच शोधत बसतो. राउटरच्या पानावर जाऊन घरची मालिका बदलून १९२.१६८.७७ अशी वेगळी केली की काम होतं.

हॉटस्पॉटवरही लागत नसेल, तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधला सीमॉस सेल संपला की वीज गेल्यावर तारीख भलतीच मागे जाते. व्हीपीएन सर्व्हरचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं. तारीख चुकली की ते अवैध ठरतं आणि कनेक्शन नाकारलं जातं. सेल अगदी स्वस्तात मिळतो.

आता मुख्य गोष्ट. शहाद्यातल्या एका ओळखीच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा पुन्हा टाकूनही अर्ध्यात अडकत होतं. दुसरं व्हीपीएन कधी होतं का, विचारलं तर म्हणाली, ‘एक फुकटातलं होतं, पण ते मी काढून टाकलंय.’ डिव्हाइस मॅनेजर उघडला, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं आणि नेटवर्क अॅडॉप्टर्सची यादी खाली पसरली. तिच्यात ‘टॅप’ नावाची दोन आभासी कार्डं फिकट अक्षरांत तशीच बसलेली होती. सॉफ्टवेअर गेलं, त्याचा ड्रायव्हर राहिला. त्या नोंदींवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’, सोबत ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकटीत टिक, मग रीस्टार्ट. त्यानंतर ऑफिसचं व्हीपीएन पहिल्या फटक्यात बसलं.

याच यादीत ‘वॅन मिनीपोर्ट’ नावाच्या बऱ्याच नोंदी दिसतील. त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत. साफसफाईच्या भरात त्यांना हात लावू नका, नाहीतर विंडोजचं अंगचं व्हीपीएनही बंद पडू शकतं.

एकावर एक इन्स्टॉल करत सुटणं हा सगळ्यात वाईट उपाय. प्रत्येक अर्धवट प्रयत्न मागे काहीतरी सोडून जातो. आधी जुनं काढा, रीस्टार्ट करा, मगच नवीन टाका आणि तेही ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करूनच.

अँटीव्हायरसही असाच आडवा येतो. त्याचा नेटवर्क गाळणारा ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटमध्ये डोकावतो. नुसतं ‘डिसेबल’ केल्यानं तो ड्रायव्हर बाजूला होतोच असं नाही, म्हणून तपासणीपुरता अँटीव्हायरस पूर्ण काढावा. विंडोजचा डिफेंडर त्याची जागा आपोआप घेतो. मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस तर तसाही काढलेलाच बरा.

कालपर्यंत चालत होतं आणि आज अचानक बंद पडलं, तर अपडेटची यादी बघा. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटनं एल२टीपी प्रकारची अनेक व्हीपीएन जगभर बंद पाडली होती. १७ जानेवारीला मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती दिली. त्या आठवड्यात ज्यांनी फॉरमॅट मारलं, त्यांची मेहनत वाया गेली.

व्हीपीएन काढल्यावर नेटच गेलं, तर प्रॉक्सी बंद आहे का आणि डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते बघा. तरी जमलं नाही, तर सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ वापरा. त्यात सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवली जातात. फायली जागच्या हलत नाहीत. वायफायचा पासवर्ड मात्र विसरला जातो, तो आधी कागदावर लिहून ठेवा.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ऑफिसच्या कामाच्या कॉम्प्युटरवर ते नकोच. तुमचा सगळा डेटा ज्याच्या सर्व्हरमधून जातो, तो माणूस कोण, हे तुम्हाला माहीत नसतं. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते. कंपनीनं स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दिलेलं व्हीपीएन त्यात येत नाही.

एवढं करूनही अडलं, तर ऑफिसात फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: एररचा फोटो, हॉटस्पॉटवर काय झालं ते आणि कॉम्प्युटरवर आधी कोणकोणती व्हीपीएन होती ती नावं. आणि दुकानात न्यायचंच ठरलं, तर निघण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.