पॉइंट टूटू : नेमाची रायफल निवडताना

पॉइंट टूटूची रायफल आपल्या महाविद्यालयाला अपरिचित नाही. छात्रसेनेत गेलेल्या प्रत्येकाने ती खांद्याला लावलेली असते, आडवे पडून पाच गोळ्या झाडलेल्या असतात आणि मग कागदावरची आपली भोके शोधलेली असतात. त्यातल्या काहींना या खेळाची गोडी लागते आणि मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : "आपल्याला परवडेल अशी चांगली रायफल कोणती?" १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविल्यापासून तर हा प्रश्न अधिकच ऐकू येतो. त्याआधी २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. दोघांचीही रायफल याच बोअरची. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांच्या नावांपासून सुरू न करता रायफल अचूक कशामुळे होते येथपासून शोधावे, असे मला वाटते.

पॉइंट टूटू म्हणजे इंचाचा ०.२२ भाग, गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी असते व तिच्यावर पिन आदळते. आपल्या काडतुसाला अशी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत फिरवून भरलेले असते आणि पिन ती कड चेचते. म्हणून याला रिमफायर म्हणतात. ही रचना स्वस्त व सोपी, पण तिच्यात एक खोट आहे. कडेत सगळीकडे सारखे मिश्रण बसले नाही, तर प्रत्येक काडतूस थोड्या वेगळ्या जोराने पेटते. शिवाय एकदा चेचलेली कड पुन्हा भरता येत नाही, म्हणजे मोठ्या रायफलवाल्यांप्रमाणे घरी मापून काडतुसे भरण्याची सोय नाही. कारखान्याने जे दिले ते घ्यायचे.

या थोड्या वेगळ्या जोराचा परिणाम किती होतो? स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते. तो मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. आता दुसरी गोळी सेकंदाला फक्त दहा मीटरने मंद सुटली, तर ती पहिलीच्या खाली सात-आठ मिलिमीटरवर लागेल. नेम तोच, श्वास तोच, चाप तसाच ओढलेला, तरी दहाचा नऊ होऊ शकतो. माझ्या मते नवशिक्याने रायफलीआधी काडतुसांचा विचार करावा तो एवढ्यासाठीच.

येथे 'दहा' किती मोठा असतो तेही सांगायला हवे. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. गोळीची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा गुण होतात. याचा अर्थ असा की जी रायफल आपल्या सगळ्या गोळ्या १६ मिलिमीटरच्या वर्तुळात टाकते, ती निदान कागदोपत्री तरी पैकीच्या पैकी गुण देऊ शकते. एवढी अचूकता मध्यम किमतीच्या चांगल्या रायफलीत मिळते. मग लोक कितीतरी पट पैसे कशाला मोजतात?

कारण हात हलतो. रायफलीची चूक आणि माणसाची चूक या दोहोंची मिळून जी चूक होते ती साधी बेरीज नसते. दोहोंचे वर्ग करून, मिळवून, त्याचे वर्गमूळ काढावे लागते. कला शाखेच्या वाचकांनी येथे पान उलटू नये, कारण हे गणित फार उपयोगी आहे. समजा, एका नवशिक्याच्या हाताचा विस्तार ३० मिलिमीटर आहे. त्याला १६ मिलिमीटरची रायफल दिली तर एकूण विस्तार ३४ येतो. आठ मिलिमीटरची, म्हणजे दुप्पट अचूक आणि बहुधा कितीतरी पट महाग रायफल दिली, तर ३१ येतो. एवढा खर्च करून तीन मिलिमीटर मिळाले! पण ज्याचा हात आठ मिलिमीटरवर स्थिर झाला आहे, त्याला पहिल्या रायफलीने सुमारे १८ व दुसरीने ११ मिळतात. त्याच्यासाठी हा फरक दहा आणि नऊ यांतला आहे. महाग रायफल वाईट नव्हे. ती कोणाच्या हातात व केव्हा जावी, एवढाच प्रश्न आहे.

नवी रायफल परवडत नसेल तर जुनी पाहावी लागते, आणि जुन्या नेमाच्या रायफलीला कमी लेखण्याचे कारण नाही. रिमफायरची गोळी मऊ शिशाची व वंगण लावलेली असते, दाबही कमी असतो. त्यामुळे हजारो गोळ्या झाडल्यावरही नळीच्या आतले आटे शाबूत राहू शकतात. नळी खराब होते ती बहुधा गंजाने आणि साफ करणाऱ्याच्या उत्साहाने. लोखंडी गज नळीच्या तोंडाकडून वेडावाकडा खुपसला की तोंडाची कड झिजते. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श याच कडेचा असतो. ती एका बाजूने झिजली तर मागून सुटणारा वायू एका बाजूने आधी निसटतो व गोळीला ढकलतो. आमच्याकडे बैल घ्यायचा झाला तर वडील विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घेतात, पण दात पाहतात आणि औताला जुंपून पाहतात. जुन्या रायफलीचे तोंड हे तिचे दात समजावेत. भिंग लावून कड सगळीकडे सारखी, धारदार व खाचांशिवाय आहे का ते पाहावे. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आटे झळझळीत दिसले पाहिजेत, काळे ठिपके नकोत. काडतूस बसते त्या जागेच्या कडेवर पिन आदळून घण पडला आहे का तेही पाहावे. रिकाम्या रायफलीचा चाप ओढण्याची खोड असलेल्यांकडून आलेल्या हत्यारात तो सापडतो.

नळी ज्या लाकडात बसते ते लाकूडही तितकेच महत्त्वाचे. स्क्रू सैल असले किंवा पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकू लागले, तर सकाळचा नेम दुपारी राहत नाही. चाप हलका असावा, पण त्याहून अधिक म्हणजे दर वेळी सारख्याच ओढीने सुटणारा असावा. मागे बारीक भोकाची साइट व पुढे नळकांड्यातली कडी अशी जोडी हवी. शिकारी रायफलीची उघडी खाच या खेळात कामाची नाही. आणि रायफल आपल्या मापाची हवी. गाल, खांदा व हात यांचे अंतर जुळत नसेल तर कितीही नामवंत कंपनीची नळी निरुपयोगी.

आता नावे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची (२०२१ पासून ती एका सरकारी कंपनीकडे आहे) पॉइंट टूटू स्पोर्टिंग रायफल आपल्या देशात बनते. पण तिची घडण नावाप्रमाणे स्पोर्टिंगची आहे, पन्नास मीटरच्या स्पर्धेसाठीची नव्हे. जुन्या मालात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची मार्टिनी जातीची नेमाची रायफल आढळली तर ती आदराने पाहावी. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचीच खाली पडणारी ठोकळ्याची रचना तिच्यात लहान करून घातली आहे. बाजूला बोल्टचा दांडा नसल्याने डावखुऱ्यांनाही ती सोयीची पडते. ती आता निघत नाही, त्यामुळे सुट्या भागांची चिंता राहते. जर्मनीच्या उल्म शहरातील अ‍ॅन्शुट्झ कंपनीचे नाव या खेळात सर्वांत अधिक ऐकू येते. हा कारखाना १८५६ साली दुसऱ्या गावी, त्सेला-मेहलिस येथे सुरू झाला आणि महायुद्धानंतर उल्मला आला. तिच्या दोन मुख्य रचना आहेत : ५४ ही वरची व ६४ ही स्वस्त. १४११ किंवा १४१३ असे आकडे कोरलेल्या जुन्या रायफली ५४ रचनेच्या, तर १४०३ ही ६४ ची. माझे मत असे की हलक्या खिशाच्या माणसाला नीट राखलेली १४०३ पुष्कळ वर्षे पुरेल, आणि तिची उणीव कळू लागेल तेव्हा त्याचा हात खरोखरच सुधारलेला असेल.

घेण्यापूर्वी ती झाडून पाहावीच. एक डबी, म्हणजे पन्नास काडतुसे घ्यावीत. सुरुवातीच्या काही गोळ्या मोजू नयेत, कारण साफ केलेल्या किंवा वेगळ्या काडतुसांच्या नळीला स्थिर व्हायला वेळ लागतो. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दहा-दहा गोळ्यांचे चार गट चार वेगळ्या कागदांवर, क्लबातील एखाद्या पक्क्या नेमबाजाकडून झाडून घ्यावेत. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून ५.६ वजा करावे आणि चारही गटांची सरासरी घ्यावी. विकणारे पाकिटातून एक कागद काढून दाखवतात, त्यावर तीन भोके एकमेकांना चिकटलेली असतात. तीन गोळ्या नशिबानेही चिकटतात, दहा क्वचितच. निकाल वाईट आला तरी लगेच रायफलीला दोष देऊ नये. एकाच कंपनीच्या दोन लॉटची काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळी लागतात; एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवत नाही. दोन-तीन लॉट करून पाहावेत, जमलेल्या लॉटचा आकडा वहीत लिहावा आणि पैसे असतील तेवढ्या डब्या त्याच लॉटच्या घ्याव्यात. आठवड्यातून दोनदा साठ-साठ गोळ्यांचा सराव केला तर चाळीस आठवड्यांत ४,८०० काडतुसे होतात. रायफलीचे पैसे एकदा जातात, हे पैसे जातच राहतात, म्हणून अंदाजपत्रकात आधी यांचा रकाना आखावा.

परवान्याचा भाग थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावावर रायफल घेण्यास वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी नियमांत सांगितलेल्या अटींवर फक्त प्रशिक्षणासाठी ती हाताळता येते. म्हणजे माझ्यासारख्या एकोणीस वर्षांच्या मुलाला निवडीची घाई नाही. रायफल क्लबात नाव घालून तेथील रायफल वापरणे हाच खरा मार्ग, आणि स्वस्तही. देशातील या क्लबांची शिखर संस्था म्हणजे १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा नव्या नेमबाजांची पायरी मानली जाते. क्लबात दोन वर्षांत चार जातींच्या रायफली खांद्याला लागतात. आपली मान किती लांब, गाल कोठे टेकतो, डावा हात किती पुढे जातो हे तेथेच कळते. तोवर पैसे साठलेच तर ते आधी दोराची पट्टी, हातमोजा व जाड जाकीट यांवर घालावेत. एरवी तीस मिलिमीटर हलणारा हात त्यांनी वीस-पंचवीसवर आला, तर तो फायदा दुप्पट अचूक रायफलीपेक्षाही मोठा ठरतो.

शेवटी जपणुकीबद्दल. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, आणि जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. रायफल चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये, चामडे ओल धरते. झाडून झाल्यावर काडतूस आत नाही हे दोनदा पाहावे. मग मागच्या बाजूने, नळीत नीट सरळ जाणाऱ्या गजाला मऊ चिंधी लावून ती साफ करावी, तेलाचा पातळ हात फिरवावा आणि पुढच्या सरावापूर्वी कोरड्या चिंधीने तो पुसून काढावा.