सातबाऱ्यावरची लेक

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगच्या विहिरीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण जोडलेली आहे. पाण्याच्या हक्काप्रमाणेच वारशाच्या हक्कासाठीही ते झगडले, हिंदू संहिता विधेयकात त्यांनी मुलीला मुलाइतका वाटा देऊ केला, आणि १९५१ मध्ये त्यांनी दिलेल्या मंत्रिपदाच्या राजीनाम्यामागे ते विधेयक रखडणे हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस मानले खरे, पण सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा असणारा, मुलगाच राहिला.

ही उणीव महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दूर केली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळूनच. ती अट केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून गेली आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

लेकीच्या जन्माबाबतही राज्याने पुढाकार घेतला होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींना ‘लेक लाडकी’ योजनेतून टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. पण अनुदान आणि हक्क यांत फरक आहेच.

हक्काची खरी परीक्षा तलाठी कार्यालयात होते. वडील गेल्यावर वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावे चढतात. आणि थोड्याच दिवसांत त्याच बहिणी दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देणाऱ्या दस्तावर, सही करताना दिसतात. सही राजीखुशीची की माहेर तुटू नये म्हणून केलेली, हे त्या कागदावरून कळत नाही. नोंदवलेले हक्कसोडपत्र केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही, तेव्हा प्रत्येक लेकीने सहीपूर्वी तो दस्त स्वतः वाचावा आणि शंका असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वा तालुका विधी सेवा समितीकडे सल्ला मागावा. महिलांना तो विनामूल्य मिळतो.