दंतरोपण व सौंदर्य दंतचिकित्सा : रुग्णांच्या शंका आणि विदर्भातील ग्रामीण वास्तव

प्रस्तावना :
वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या गावांतून दंतरोपणाविषयी कुतूहल वाढत आहे. मात्र रुग्णांचे प्रश्न बहुधा खर्च व वेदना यांभोवतीच फिरतात. दंतरोपणाचे यश ज्यावर अवलंबून असते, ते रुग्णाचे हाड, हिरड्या व सवयी यांचा विचार मागे पडतो. प्रस्तुत लेखात या शंकांचे विवेचन केले आहे.

विषय विवेचन :
दंतरोपण म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढविणे होय. स्वीडनमधील ब्रेनमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णावर हा उपचार प्रथम केला. स्क्रूभोवती हाड घट्ट धरण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. शस्त्रक्रिया जागा बधिर करून होत असल्याने ती सुसह्य असते. त्यासाठी जबड्याची वाढ पूर्ण झालेली असावी लागते. वार्धक्य मात्र अडसर ठरत नाही. मधुमेह नियंत्रणात असल्यास रोपण शक्य असते. ब्रिजसाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात, रोपणात ते टळते. खर्च न पेलणाऱ्यांसाठी कवळीचा पर्याय आजही उपयुक्त आहे.

विदर्भात खरा प्रश्न खर्ऱ्याचा आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा अनेकांच्या तोंडातून सुटलेला नाही. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा मंदावतो, जखम उशिरा भरते व रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडणे कमी होते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर उपकरण आत नेणेही कठीण होते. ही अवस्था कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकते. म्हणून अशा रुग्णाने रोपणापूर्वी तोंडाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

सौंदर्य दंतचिकित्सेतील नेहमीची शंका पिवळ्या-तपकिरी डागांची. तंबाखूचे डाग दात स्वच्छ केल्याने जातात. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडचे डाग मात्र दंतवल्काच्या आत असतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात ही समस्या परिचित आहे. हे डाग दात घडत असताना, म्हणजे बालपणीच पडतात. प्रौढपणी त्यावर वरचा पातळ थर काढणे किंवा व्हिनियर चढविणे हे उपाय आहेत. पुढील पिढीसाठी मात्र पाण्याची तपासणी हाच खरा उपाय होय. पेयजलातील फ्लोराइडची मर्यादा प्रतिलिटर १.५ मिलिग्रॅम आहे.

निष्कर्ष :
रोपण कितीही उत्तम असले, तरी ते रुग्णाच्या तोंडातच टिकायचे असते. 'खर्च किती?' या प्रश्नाआधी 'माझे तोंड रोपणास योग्य आहे काय?' हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. तथापि खर्ऱ्याची सवय महाविद्यालयीन वयातच जडते. त्यामुळे प्रतिबंधाचे कार्य प्राध्यापकांच्या वर्गातूनच आरंभता येईल.